जैसलमेरला उंटावरून जाऊन वाळवंटात रात्र काढायचीय, मुलं आणि सासूबाई सोबत आहेत, जमेल का?

मीराची_आई

नमस्कार मंडळी. डिसेंबरात राजस्थानला जातोय. आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा आणि सासूबाई ६८ च्या, गुडघे कुरकुरतात त्यांचे पण हौस दांडगी आहे. जोधपूरची तिकिटं झालीयत, २१ ला सकाळी पोचतो, मग जैसलमेर, परत येताना जोधपूर-उदयपूर आणि १ तारखेला पुणे. सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती उंटावरून वाळवंटात जायची आणि रात्री तिथेच राहायची. मी कॉलेजात असल्यापासून मनात आहे हे, पण दर वेळी काहीतरी निघालं आणि राहून गेलं.

नेटवर बघितलं तर सगळीकडे सम सम सम (जैसलमेरजवळचं वाळूच्या टेकड्यांचं ठिकाण), आणि सगळ्या तंबूंचे फोटो एकसारखे, त्यातलं काय घ्यायचं तेच कळत नाहीये. सम बरं का खुरी? उंटावर किती वेळ बसवतं, मुलांना झेपेल का, आणि सासूबाईंना न्यावं की त्यांना शहरात हॉटेलवर ठेवावं (त्या ऐकणार नाहीत हे आत्ताच सांगते). थंडी किती असते, टॉयलेटचं काय, आणि अजून एक, मुलीने मला विचारलंय की उंटाला त्रास होतो का. तिला खोटं सांगायचं नाहीये मला. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

सह्यवेडा

सम ला तंबू बुक करा, संध्याकाळी उंट, रात्री नाच-गाणं आणि जेवण, सकाळी परत. आम्ही ऑफिसचे १४ जण गेलो होतो, फुल मजा आली. फक्त २५ ते १ मध्ये जाऊ नका, रेट दुप्पट होतात आणि रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

---

जुना_भटक्या

ताई, मी तीनदा गेलोय, २००९ ला एकटा, २०१६ ला मित्रांबरोबर आणि २०२३ च्या फेब्रुवारीत बायको आणि ९ वर्षांच्या पोराला घेऊन, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात क्लिअर असू दे. जैसलमेरच्या बाहेर पडलं की नजर जाईल तिथवर वाळूच वाळू असं नाहीये. बराचसा भाग सपाट, दगडगोट्यांचा, मधे मधे रुई, केर (काटेरी झुडूप) आणि खेजडीची झाडं. वाळूच्या टेकड्या, त्यांना तिकडे धोरे म्हणतात, त्या अशा पट्ट्यापट्ट्यांनी आहेत. सम चा पट्टा शहरापासून चाळीसेक किमी पश्चिमेला, खुरी नैऋत्येला पन्नासेक किमी. आणि ह्या दोन्हीपासून लांब अशा छोट्या छोट्या गावांजवळ अजून कितीतरी धोरे आहेत ज्यांची नावं कुठल्या पॅकेजमध्ये येत नाहीत.

सम ला काय होतं तर रस्त्याच्या कडेला तंबूंची रांग, चार-साडेचारला तुम्हाला उंटावर बसवतात, अर्धा-पाऊण तास फिरवून सूर्यास्त दाखवतात, सात वाजता अंगणात नाच आणि गाणं, मग बुफे, आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतर डीजे. शेजारच्या तंबूवाल्याचा वेगळा डीजे. ज्यांना ते हवंय त्यांच्यासाठी ठीक आहे, पण तुम्ही कॉलेजपासून मनात धरून ठेवलेलं वाळवंट ते नाही, हे मी तुम्हाला अगदी मनापासून सांगतो. मी २०१६ ला तिथे राहिलो आणि रात्री साडेअकरापर्यंत तंबूची कनात बेसवर थरथरत होती. तारे बघायला बाहेर आलो तर हॅलोजनचे दिवे.

दुसरा प्रकार म्हणजे जीपने शहरापासून लांब नेतात, वाटेत एखादं गाव, एखादी विहीर, मग उंट येऊन थांबलेले असतात, त्यांच्यावरून दीड-दोन तास चालत धोऱ्यापर्यंत, आणि तिथे तंबू बिंबू काही नाही. बाज नाहीतर जाड गाद्या, वर रजया, वर आभाळ. उंटवालाच स्वयंपाक करतो. २०२३ ला आम्ही माणशी २२०० दिले, जीप, उंट, रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता सगळं धरून. मला विचाराल तर हेच करा.

आता उंट. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, म्हणजे तुम्ही एकदम पुढे तोंडावर जाता, आणि मग पुढचे पाय सरळ करतो तेव्हा झटका मागे. बसताना उलटं, आधी पुढचे गुडघे टेकतो त्यामुळे परत पुढेच फेकले जाता. दोन्ही वेळा पलाणाचा (उंटाच्या खोगिराचा) पुढचा खुंटा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि पाठ मागे रेलायची. मोबाईल हातात घेऊन उठणाऱ्या उंटावर बसलेली माणसं मी पडताना बघितलीत, आणि उंची काही कमी नसते, तुमचं बूड जमिनीपासून सहा-सात फुटांवर असतं. चालताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो म्हणून बैलगाडीसारखं नाही तर होडीत बसल्यासारखं डावी-उजवीकडे हलतं. पहिली दहा मिनिटं भीती, मग अर्धा तास एकदम भारी, आणि एक तास झाला की मांड्या बोलायला लागतात. बऱ्याच पलाणांना रिकीब (पाय अडकवायची कडी) नसते, पाय नुसते लोंबकळतात, त्यामुळे जास्त दुखतं. एक तास झाला की उतरा आणि उंटाची दोरी हातात घेऊन चाला. मला तर तेच जास्त आवडलं, उंट मागून येतो, त्याच्या पायांचा काही आवाज येत नाही, नुसता श्वास येतो मानेवर.

रात्रीचं सांगतो. आमचा उंटवाला पंचावन्न-साठचा असेल. त्याने आल्या आल्या आधी उंटांची पलाणं उतरवली, पाणी दाखवलं, पुढच्या दोन पायांना पायबंद घातला आणि सोडून दिलं चरायला, मग आमच्याकडे वळला. वाळलेल्या काटक्या गोळा करायला माझ्या पोराला घेऊन गेला. तीन दगडांची चूल, परातीत बाजरीचं पीठ, हातावर थापलेल्या जाड रोट्या, बटाटा-कोबीची भाजी, डाळ आणि घरून आणलेली केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपली शमी, हे तिथे कळलं तेव्हा बायको म्हणाली दसऱ्याला आपण नुसतं नाव घेतो, हे लोक खातात! जेवण झाल्यावर त्याने ताटं कोरड्या वाळूने घासली, दोन मुठी वाळू, गोल गोल फिरवायची, झटकायची, स्वच्छ. पाण्याचा एक थेंब नाही. पोरगा घरी आल्यावर सिंकमध्ये नळ सोडून ताट धुताना आठवडाभर तरी स्वतःहून नळ बारीक करत होता.

झोपायच्या आधी टॉर्च लावून बघितलं तर वाळूवर टाके घातल्यासारख्या बारीक रेघा, सगळीकडे. शेणकिड्यांच्या. उंटाच्या लेंड्यांसाठी येतात, काही करत नाहीत, पण अंथरुणावर चढतात. डिसेंबरात थंडीमुळे आम्हाला दिसले तेवढे नसतील. आणि पहाटे उंट दिसेनात. उंटवाला शांतपणे पावलांचे ठसे बघत गेला आणि पाऊण तासाने दोघांना घेऊन आला, दीड किलोमीटरवर गेले होते पायबंद असून.

पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या: एका उंटावर एक माणूस की दोन, उंटावर प्रत्यक्षात किती वेळ, झोपायच्या जागी अजून किती ग्रुप असणार, पाणी किती नेणार, रात्री जीप जवळ थांबणार का (तुमच्याबरोबर सासूबाई आहेत म्हणून हे फार महत्त्वाचं) आणि उंटवाला रात्रभर सोबत राहणार का. नीट उत्तरं देतो त्याच्याकडे जा. स्टेशनवर गाडी थांबल्या थांबल्या जे अंगावर येतात त्यांना काही कबूल करू नका. २००९ ला मी एका स्वस्त हॉटेलात उतरलो आणि सफारी त्यांच्याकडून घेतली नाही म्हणून त्यांनी रात्री खोली रिकामी करायला लावली. खोली बुक करतानाच स्पष्ट विचारा की सफारी घ्यायचं बंधन आहे का.

---

अश्विनी_ठाणे

वरचं सगळं खरं आहे, मी बायकांच्या आणि थंडीच्या प्रश्नांची उत्तरं देते कारण ती पुरुषमंडळी देत नाहीत कधीच.

धोऱ्यावर टॉयलेट नसतं. अजिबात. एखाद्या टेकडीच्या मागे जायचं, छोटं खुरपं न्यायचं, खड्डा करायचा, झाकायचा, आणि कागद बिगद एका पिशवीत भरून परत आणायचा, वाळूत पुरायचा नाही कारण वाळू सरकते आणि चार दिवसांनी सगळं वर येतं. आम्ही गेलो तिथे आधीच्या लोकांचे वाइप्स झुडपांना अडकलेले होते, इतकं वाईट वाटलं बघून. रात्री जाताना दोघी जा आणि डोक्याला लावायचा टॉर्च न्या, आणि मागे अंथरुणापाशी एक दिवा चालू ठेवा. मी तो ठेवला नव्हता. वीस पावलांवर गेले होते फक्त, वळले तर सगळ्या टेकड्या सारख्या, आपली कुठली ते कळेना. हाक मारल्यावर नवऱ्याने टॉर्च हलवला तेव्हा दिसलं. पाळी असेल तर कप बेस्ट, नाहीतर पिशव्या जास्त न्या.

थंडी: दिवसा २४-२५, छान ऊन, टीशर्टवर फिराल, आणि सूर्य गेला की अर्ध्या तासात स्वेटर. पहाटे ६-७ पर्यंत खाली येतं. आणि लक्षात ठेवा तिकडे उजाडतं उशिरा, डिसेंबर अखेरीला सूर्य साडेसातला उगवतो आणि सहाला मावळतो, म्हणजे रात्र खूऽऽप मोठी आहे. रजया देतात, जड असतात, पण पहाटे वरून दव पडतं आणि वरचा थर ओलसर होतो. म्हणून एक पातळ प्लास्टिकची शीट न्या आणि रजईच्या वर टाका. कानटोपी, लोकरी मोजे, आतून थर्मल. मुलाला दोन पायजमे.

उंटावर बसताना पूर्ण लांबीची सुती पँट, जीन्स नको, शिवण मांडीला घासते आणि मग दोन दिवस चालता येत नाही. ओढणी नाहीतर मोठा पंचा तोंडाला. चेनवाली पिशवी मोबाईलला. मॉइश्चरायझर, ओठांना तूप. चपला नकोत, झुडपांचे काटे असतात, बूट घाला. पाणी माणशी ४ लिटर तरी पाहिजे स्वयंपाक सोडून.

---

नागपूरचा_बंटी

मी थोडं वेगळं बोलतो. सगळे सम ला नावं ठेवतायत पण मी आईबाबांना घेऊन गेलो होतो, बाबा ७२, शुगर आहे, रात्री तीनदा उठतात. त्यांना मी वाळूत टेकडीमागे कसं पाठवणार होतो? सम च्या तंबूत पक्कं बाथरूम होतं, गरम पाणी होतं, पलंग होता. संध्याकाळी मांगणियार मंडळी गायली, एक म्हातारे आजोबा कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवत होते आणि एक पोरगं खडताल, मुलगा असेल बारा-तेरा वर्षांचा, दोन्ही हातांत लाकडाच्या दोन-दोन पट्ट्या आणि बोटं दिसतच नव्हती इतका वेग. बाबा अख्खा वेळ टाळ्या देत होते. पिढ्यान् पिढ्या जजमानांच्या घरी गाणारे लोक आहेत ते. माझ्या बाबांना तेवढी एक रात्र मिळाली आणि ते अजून सांगतात सगळ्यांना.

म्हणून ताई, ज्येष्ठ नागरिक असतील तर सम ला किंवा खुरीला राहण्यात काही कमीपणा नाही. फक्त बुक करताना विचारा डीजे किती वाजता बंद होतो आणि रस्त्यापासून आतला तंबू मागा. आणि आईसाठी आम्ही उंटगाडी केली होती. मोठी सपाट गाडी, जुनी विमानाची टायरं लावलेली असतात, गादी टाकून देतात, मस्त पाय पसरून बसता येतं. आई त्यावर बसून शेंगदाणे खात होती आणि आम्ही उंटावर कण्हत होतो.

---

गुडघेदुखीवाली_डॉक्टर

फिजिओथेरपिस्ट आहे. सासूबाईंना पाहिल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही, पण उंटावर पाय खूप फाकवून बसावं लागतं, कंबरेला आणि खुब्याला ताण येतो, आणि उठण्या-बसण्याचा झटका मणक्याला बसतो. हाडं ठिसूळ असतील किंवा कंबरेचं दुखणं असेल तर नको. उंटगाडी उत्तम. वाळूतून चढ चढणं गुडघ्यांना त्याहून कठीण जातं, पाय मागे घसरतो, म्हणून काठी न्या आणि झोपायची जागा टेकडीच्या पायथ्याशी मागा. जमिनीवरच्या गादीवरून उठणं त्यांना जमेल का ते घरी करून बघा, नसेल तर बाज सांगून ठेवा.

६ वर्षांच्या मुलाला एकट्याला बसवू नका, मोठ्या माणसाच्या पुढे बसवा आणि बाबांनी एक हात कायम त्याच्या पोटाशी ठेवावा.

---

सोलापूरचा_माळ

विषय उंटाचा आहे पण तुम्ही सम-खुरीकडे जाताय म्हणून राहवत नाही. तो सगळा भाग डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे, ३१६२ चौरस किमी, आणि तिथे माळढोक आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य केलं, लहानपणी वडिलांबरोबर सायकलवर जाऊन मी त्याला पाहिलाय, गवतातून ताठ मानेने चालणारा, आपल्या कमरेला येईल एवढा उंच पक्षी. आता नान्नजला जाऊन महिनोन् महिने दिसत नाही. जगात जे थोडेसे उरलेत, दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही त्याला, विजेच्या तारांवर आपटून मरतो. तुम्हाला तिथे रात्री क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकताना दिसतील, त्यांच्या विजेच्या तारा ह्याच माळावरून जातात. सम ला २०१९ पासून त्याचं प्रजनन केंद्र आहे, अंडी उबवून पिल्लं वाढवतात.

माझी हात जोडून विनंती, त्या जीपच्या उड्या मारणाऱ्या राइड घेऊ नका. सेवण गवत मरतं चाकांखाली, तेच गवत वाळू धरून ठेवतं आणि त्यातच हे पक्षी आणि गुरं जगतात. त्याऐवजी सकाळी पार्कातल्या सुदासरीच्या बाजूला वनखात्याची रीतसर परवानगी काढून हळू जा, मुलांना चिंकारा तर नक्की दिसेल आणि नशीब असेल तर तो दिसेल. दिसला तर इथे येऊन मला सांगा.

---

मीराची_आई

बापरे किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद! सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. उंटगाडीवर त्या एकदम खूश, "मी काय त्या उंटावर चढून सर्कस करणार नव्हते" असं म्हणाल्या, पण उघड्यावर झोपायचंच म्हणतायत, लहानपणी गावाला खळ्यावर झोपायच्या त्या. आज सकाळी गादीवरून उठून दाखवलं चार वेळा.

तर ठरवलंय असं की २३ लाच वाळवंट उरकायचं, गर्दीच्या आधी, गावाजवळचा धोरा, जीप जवळ उभी. पंचांग बघितलं, २३ ला तृतीया आहे म्हणजे चंद्र लवकर मावळेल आणि तारे दिसतील.

दोन शंका उरल्या. एक, मुलीचा प्रश्न, उंटाचा. दुसरं, एका व्हिडिओत उंटाच्या तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर येत होतं, फेस येत होता, मुलगा घाबरलाय ते बघून. आजारी असतो का तो?

---

जोधपूरकर_मराठी

नोकरीमुळे ७ वर्षं जोधपूरला आहे, जैसलमेरला महिन्यातून एकदा तरी जाणं होतं, म्हणून सांगतो.

फुगा म्हणजे आजार नाही. हिवाळा हा उंटांचा माजाचा काळ असतो. नर उंट टाळूचा मऊ भाग फुगवून तोंडाच्या कडेने बाहेर काढतो, हुक्क्यासारखा गुडगुड आवाज करतो, फेस गाळतो, मादीला आणि बाकीच्या नरांना दाखवायला. मुलाला आधीच सांगून ठेवा, घाबरणार नाही, उलट शोधत बसेल. पण असा नर चिडका असतो, चावतो पण, आणि उंटाचा चावा साधा नसतो. म्हणून सांगा की मुलांना मादी किंवा शांत उंट द्या, आणि कुठल्याही उंटाच्या तोंडासमोर जाऊन सेल्फी नको.

आता मुलीच्या प्रश्नाचं. होतो का त्रास, तर काही उंटांना होतो, आणि ते बघून ओळखता येतं. चढण्याआधी मुलीलाच घेऊन जा उंटाजवळ आणि बघा: नाकातली नकेल जिथे टोचलीय तिथे जखम, पू, माशा आहेत का. पलाणाखाली कुबडाच्या दोन्ही बाजूंना केस गेलेले, कातडं सोललेलं आहे का. गुडघ्यांवर आणि छातीखाली जाड घट्टे असतात ते नैसर्गिक आहेत, त्यावर टेकूनच तो बसतो, त्यांना जखम समजू नका. कुबड एका बाजूला लुळं पडलंय का, कुबडात चरबी असते पाणी नाही, उपाशी उंटाचं कुबड ढिलं होतं. दोन मोठी माणसं आणि वर सामान एकावर बसवत असतील तर नाही म्हणा. आणि उंटवाल्याला उंटाचं नाव विचारा. जो आपल्या उंटाचा असतो तो लगेच नाव सांगतो, वय सांगतो, आई कोण ते पण सांगतो. रोजंदारीवर दुसऱ्याचे उंट हाकणारा पोरगा असेल तर अडखळतो.

पण बसूच नका असं मी मुलीला सांगणार नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. शेतात ट्रॅक्टर आला, रस्त्यावर पिकअप आली, चराईच्या जमिनी गेल्या. २०१४ ला राज्यपशू केला आणि २०१५ ला कायदा केला की कापायचा नाही आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर न्यायचा नाही, हेतू चांगला होता, पण रायका म्हणजे पिढीजात उंट पाळणारे लोक, ते म्हणतात गिऱ्हाईकच गेलं, नर उंट घेतं कोण आता. बिकानेरला केंद्र सरकारचं उंट संशोधन केंद्र आहे १९८४ पासूनचं, तिथे उंटिणीच्या दुधाचं आइस्क्रीम मिळतं, पण दुधाचा बाजार अजून लहान आहे. जैसलमेरच्या खेड्यांत आज उंट दारात बांधून ठेवायला कारण म्हणून जे काही उरलंय त्यात पर्यटक बराच मोठा आहे. म्हणून मधल्या दलालापेक्षा उंटवाल्याच्या हातात पैसे जातील असं बघा आणि सकाळी निघताना वेगळे काहीतरी त्याच्या हातात द्या.

हो, आणि ड्रोन नेऊ नका, सीमेचा जिल्हा आहे.

---

मीराची_आई

५ जानेवारी. आलो परत, आणि इथे लिहिल्याशिवाय चैन पडेना.

२३ ला दुपारी अडीचला शहर सोडलं. सासूबाई उंटगाडीवर, मुलं आणि आम्ही तीन उंटांवर, मुलगा बाबांच्या पुढे. मीराने जोधपूरकर दादांची यादी वहीत लिहून आणली होती आणि खरंच एकेका उंटाभोवती फिरून नाक, पाठ, कुबड सगळं बघितलं. पहिल्या उंटाच्या पाठीवर रुपयाएवढी ओली जखम निघाली. तिने उंटवाल्या काकांना दाखवली, ते काही न बोलता जरा वेळ बघत राहिले, मला वाटलं चिडतील, पण त्यांनी पलाण काढलं, ते सामानाच्या गाडीत टाकलं आणि तो उंट आमच्यामागून रिकामा चालत आला, मीराचे बाबा आणि धाकटा आलटून पालटून चालले. काका म्हणाले कालच दुसऱ्यांबरोबर दिवसभर होता, मी रात्री बघायला हवं होतं. उंटाचं नाव लालू. मीरा रात्री त्याला गूळ देऊन आली.

मला उठताना जो झटका बसला तो तुम्ही सगळ्यांनी सांगून सुद्धा बसलाच, पण खुंटा सोडला नाही. एक तासाने उतरून चालले. जुना_भटक्या दादा, श्वास मानेवर येतो ते अगदी खरं आहे.

चंद्र नऊच्या आत गेला आणि मग जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाहीये. मृग आणि व्याध तर पुण्यातून पण दिसतात, पण त्यांच्या मधल्या रिकाम्या जागा रिकाम्या नव्हत्या. ध्रुवतारा पुण्यापेक्षा बराच वर दिसला, मीराच्या बाबांनी मुठी मोजून दाखवलं. मी रात्री एकला उठले तर दक्षिणेला अगदी खाली, टेकडीला चिकटून अगस्ती, आणि ईशान्येला सप्तर्षी उभे. कुठेही आवाज नाही. लांब कुठेतरी उंटाच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली, परत काही नाही. सासूबाई जाग्याच होत्या. बाजेवर रजईतून नुसतं नाक बाहेर. म्हणाल्या, आजोबा खळ्यावर गोष्टी सांगायचे तेव्हा आभाळ असंच होतं, मला वाटलं ते लहानपणी मोठं दिसतं म्हणून. मग आम्ही दोघी बराच वेळ बोलत पडलो होतो, लग्नाला तेरा वर्षं झाली माझ्या, इतकं कधी बोललो नव्हतो.

अश्विनीताई, प्लास्टिक शीटने वाचवलं, सकाळी ती निथळत होती आणि रजई कोरडी. टेकडीमागे जाताना दिवा चालू ठेवला होता.

गुलाबी फुगा दिसला! दुसऱ्या ग्रुपच्या उंटाने काढला, आणि धाकटा आता घरभर गाल फुगवून गुडगुड करत फिरतोय.

सोलापूरचा_माळ दादा, २४ ला सकाळी परवानगी काढून गेलो. चिंकारा सात दिसले. दोन तास थांबलो. अगदी निघताना वनरक्षकांनी बोट दाखवलं, खूप लांब, सेवण गवताच्या पलीकडे, एक पांढरी मान. दुर्बिणीतून मीराने आधी बघितली मग सासूबाईंनी मग मी. चार-पाच पावलं चालला आणि गवतात गेला. फोटोत नुसता ठिपका आलाय, तरी तुम्हाला पाठवते.

---

सोलापूरचा_माळ

ठिपकाच पाठवा ताई. वडिलांना दाखवायचाय.